मोबाईलवरच्या शाळेचा शब्द

माझ्या बहिणीच्या थोरल्या मुलीची सुपारी फुटली तेव्हा मी तिथे नव्हते. करोनाची दुसरी लाट जोरात होती आणि मी बारामतीत घरातल्या एका खोलीत बंद होते. त्या बैठकीत काय बोलले गेले ते मला नंतर कळले, तेही तिघांकडून वेगवेगळ्या वेळी: बहिणीकडून, दाजींकडून आणि मध्यस्थी करणाऱ्या तात्यांकडून. वर्तमानपत्राच्या कचेरीत काही वर्षे काढली की एक सवय लागते. एकच घटना तिघांनी सांगितली तर आधी न जुळणारा भाग शोधायचा. इथे तसा भाग निघाला नाही. तिघांनीही तेच शब्द सांगितले.

"पोरगी मोबाईलवर शाळा शिकंल. तिला कुणी आडकाठी करायची न्हाय."

हे तात्यांनी चार माणसांत मोठ्याने म्हटले. मुलाचे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणतात, त्यांनी "व्हय, दिला शब्द" म्हटले. मग सुपारी फुटली. आमच्याकडे असे शब्द कागदावर घेत नाहीत. बैठकीत बोललेले मोडले तर त्या घराची पुढची सोयरीक अडते, म्हणून सहसा कोणी मोडत नाही. आबांनीही मोडला नाही. पुढे जे झाले ते शब्द पाळूनच झाले.

मुलगी तेव्हा परीक्षा न देता नववीतून दहावीत गेली होती. वय पंधरा.

बहिणीचे घर निरवांगीच्या बाजूला, गावापासून आत एका वस्तीवर आहे. दाजींच्या आजोबांची मेंढरे होती. वडिलांनी ती विकून कालव्याच्या पाण्यावर ऊस केला. दाजी स्वतःचा ऊस बघतात आणि हंगामात ट्रॅक्टरवर लोकांचा वाहतात. बहिणीची शाळा सातवीत सुटली. पुढची शाळा लांब होती आणि गावाला एसटी नव्हती. मी तिच्याहून बरीच लहान. माझ्या वेळेपर्यंत एसटी सुरू झाली होती. आम्हा दोघींत फरक एवढाच पडला, आणि तो कधी बोलून दाखवण्याइतकी ती हलकी नाही. पण मुलीच्या बाबतीत तिने एक गोष्ट घरात ठरवून टाकली होती. दहावी होईपर्यंत लग्नाचे नाव काढायचे नाही.

हे तिने फार भांडून मिळवले नव्हते. त्यासाठी भांडायची गरजही नव्हती, कारण शाळा होती. कोणी पाहुणा आला, मुलीकडे बघून "काय करती आता?" म्हणाला, की बहीण "शाळंत हाय" म्हणायची. विषय तिथे संपायचा. मुलगी सकाळी सायकलवर गेलेली असायची, संध्याकाळी यायची. मधल्या वेळात ती कोणाच्या नजरेला पडत नव्हती. शिक्षण, पुस्तके, गणित हे सगळे ठीक. पण पंधरा वर्षांच्या मुलीसाठी शाळेचा सगळ्यात मोठा उपयोग हा होता की ती दिवसभर घरात नसे.

शाळा बंद झाल्या आणि हे उत्तर बंद झाले. पहिल्या लाटेनंतर मधे काही आठवडे वर्ग भरले, पुन्हा बंद झाले. मुलगी घरात. पाहुण्यांना पाणी तीच देणार, चहा तीच आणणार. मुंबई-पुण्याहून गावाकडे आलेले नातेवाईक वस्तीवर बसून होते, त्यांनाही काम नव्हते. "शाळंत हाय," असे बहीण म्हणाली की समोरचा हसायचा.

"कुठल्या शाळंत? ही काय, चुलीपाशी बसलीया."

"मोबाईलवर हाय."

"मग मोबाईल कुठंबी चालतोय की, वैनी."

मला वाटते, पहिल्यांदा हे कोणीतरी गमतीने म्हटले असणार. नंतर ती गंमत राहिली नाही. स्थळ आले ते डाळजच्या बाजूचे, हायवेलगतचे. मुलगा लोणी देवकरच्या एका कारखान्यात मशीनवर होता. घर बरे, माणसे बरी, व्यसन नाही. लग्नाला मोजक्याच माणसांची परवानगी, त्यामुळे गावजेवण नाही, मांडव नाही, मानपान नाही. असा मोका पुन्हा येणार नाही हे दाजींना तात्यांनी पटवले. बहिणीला पटवणारा मुद्दा वेगळा होता, आणि तो सरकारने पुरवला होता. शाळा आता मोबाईलमध्ये आहे. ती मोबाईलबरोबर सासरी जाईल.

मी फोनवर बहिणीला लग्नाचे कायद्यातले वय सांगितले. ती म्हणाली, "तू पेपरातलं बोलू नगो. मी बैठकीत शाळा घालून घितलीया. आपल्या येळंला कुणी घातली व्हती का?"

खरे होते. आमच्या नात्यात आजवर कुठल्याही बैठकीत मुलीची शाळा हा विषय निघाला नव्हता. तिने तो काढला होता, दाजींकडून तात्यांपर्यंत आणि तात्यांकडून आबांपर्यंत पोचवला होता, आणि चार माणसांत वदवून घेतला होता. तिच्या आवाजात त्या दिवशी काहीतरी जिंकल्याचा सूर होता. तो मला आजही आठवतो.

मग मुलगी फोनवर आली.

"मावशी, शाळा कुठं चाललीय? हितनं शिकले काय अन् तितनं शिकले काय."

"आणि वय?"

"वय बी मोबाईलवरच वाढतंय," ती म्हणाली आणि हसली. तिची जीभ लहानपणापासून अशी आहे.

लग्न शेतात झाले, सकाळी लवकर. एरवी मुलीच्या शाळेतून कोणीतरी विचारले असते, हेडमास्तरांच्या कानावर गेले असते, मैत्रिणी घरी आल्या असत्या. कार्यालय घेतले असते तर तिथे दाखला मागितला असता. आता यातले काही नव्हते. ग्रामपंचायतीकडून दोघे जण मात्र पाहणीसाठी आले. त्यांचे काम लग्नातली माणसे मोजायचे आणि मास्क बघायचे. माणसे ठरलेल्या आकड्याच्या आत भरली. नवरीने मास्क हनुवटीवर ओढला होता. त्यांनी तो नाकावर घ्यायला सांगितला आणि अक्षता टाकून निघून गेले. लग्नाच्या एका फोटोत ती तशी दिसते: मुंडावळ्या, त्याखाली डोळे, त्याखाली निळे कापड. पंधरा वर्षे दिसायला चेहरा लागतो.

पुढचे काही महिने आबांनी शब्द पाळला आणि मला वाटले होते त्यापेक्षा चांगला पाळला. नवऱ्याने आपला जुना मोबाईल तिला दिला. काच तडकलेली होती, पण आवाज नीट यायचा. स्वयंपाकघरात ज्वारीच्या कोठीवर तो टेकवून ती तासाला बसायची. त्या वेळी तिच्या वाटणीच्या भाकरी सासू करायची. सासू वाईट बाई नाही. तिला स्वतःला सही येते, त्यापुढे नाही. कोठीवरून येणारा मॅडमचा आवाज ती भाकरी थापता थापता ऐकायची आणि मधूनच सुनेला म्हणायची, "आगं, त्या इचारत्यात तर सांग की. गप काय बसलीस?" शेजारणींना ती "आमची सून धावीला हाय" असे सांगायची. यात टोमणा नव्हता.

मॅडमना काही माहीत नव्हते. डेटा पुरत नाही म्हणून सगळ्याच मुलांचे कॅमेरे बंद असत. हजेरी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर होई. मॅडम "शुभ सकाळ" लिहीत आणि मुलांनी "हजर" लिहायचे. निम्मी मुले लिहीत नसत, कारण बाप मोबाईल घेऊन कामावर गेलेला असे. ती रोज लिही. एकदा मॅडमनी ग्रुपवर लिहिले की सर्वांनी हिचा आदर्श घ्यावा, एक दिवसही खाडा नाही. हा मेसेज बहिणीने मला पाठवला. सोबत हात जोडलेले चिन्ह होते.

दिवाळीच्या आधी शाळा पुन्हा उघडल्या. त्या दिवशी आमच्या पानावर मोठा फोटो होता. फाटकात मुलांना गुलाब देत होते, बाई ओवाळत होत्या, एक लहान मुलगा आईचा पदर सोडत नव्हता. मथळा ठरलेलाच होता, शाळा गजबजल्या. तो मीच लावला. संध्याकाळी भाचीचा फोन आला.

"मावशी, शाळा सुरू झाली."

"बघितलं. आजच पान लावलं."

"ग्रुपवर मॅडमचा मेसेज आलाय. उद्यापासून ऑनलाईन तास बंद. सगळ्यांनी प्रत्यक्ष यायचं." मग म्हणाली, "सगळ्यांची सुरू झाली. माझी बंद झाली."

त्यानंतरच्या रविवारी बहीण, दाजी, तात्या आणि मी डाळजला गेलो. जावई कामावर होता. आबा अंगणात बाजेवर बसले होते.

"का ओ पाव्हणं," ते दाजींना म्हणाले, "सगळी फौज घिऊन? आमचं काय चुकलं का?"

तात्या ऊस, पाणी, कारखाना असे करत मूळ विषयाकडे यायला निघाले होते. बहिणीला तेवढा धीर नव्हता.

"चुकलं न्हाय, आबा. शाळा सुरू झालीया. परीक्षा हुईस्तवर पोरीला आमच्याकडं ठिवा. धावी झाली की मी सोता आणून सोडते."

"शाळा चालूच व्हती की. आमी कवा बंद केली? इचारा तिला. म्हातारीनं तिच्या वाटणीच्या भाकरी केल्यात."

"इचारा की," सासू दारातून म्हणाली. "मी कवा म्हणले का, ऊठ म्हणून?"

"न्हाय म्हणल्या," आतून मुलगी म्हणाली.

"तसं न्हवं," बहीण म्हणाली. "ती मोबाईलवरची बंद झाली. आता खरी सुरू झालीया."

"म्हंजी ती खोटी व्हती?" आबांनी दाजींकडे बघितले, मग तात्यांकडे. "तात्या, तुमी बैठकीत आमच्याकडनं खोट्या शाळंचा शब्द घितला व्हय?"

तात्या हसले. दाजीही कसेनुसे हसले. आबा हसले नाहीत. ते गंभीरपणे विचारत होते आणि माणूस गंभीरपणे विचारत असेल तर त्याला उत्तर द्यावे लागते. पण दीड वर्ष सगळ्यांनी, अगदी वरपासून खालपर्यंत, तीच खरी शाळा आहे असे सांगितले होते. शिक्षण थांबलेले नाही, असे रोज छापून येत होते.

"मोबाईलवरच्या शाळंला आमी व्हय म्हणलो," आबा म्हणाले. "ती आजबी असती तर आजबी चालू ठिवली असती. सरकारनं बंद केली. त्याला आमी काय करायचं?"

"मग खऱ्या शाळंला व्हय म्हणा," बहीण म्हणाली.

"कशी म्हणू?" आता सासू अंगणात आली. तिच्या हाताला पीठ होते. "वर्गात गेली की गळ्यातलं दिसणार. मास्तरीण इचारणार. मग गाडी कुणाच्या दारात यील? आमच्या बी अन् तुमच्या बी."

"गळ्यातलं काय, तेवढा येळ काढून..." बहीण बोलली आणि थांबली. पण बोलून झाले होते.

सासूचा चेहरा बदलला. "काय म्हणलीस? माझं पोरगं कामावर गेलंय. अन् तू सवाष्णीच्या तोंडानं काढून ठेव म्हणतीस?"

बहिणीने जीभ चावली. ती स्वतःही आपल्या सुनेच्या बाबतीत हेच बोलली असती. तिने सासूचे पीठ लागलेले हात धरले, चुकले म्हणाली. बैठक तिथेच संपल्यासारखी झाली. तात्या वातावरण सैल करायला म्हणाले, "मोबाईलात बरं व्हतं बघा. गळाच दिसत न्हवता."

या वाक्यावर कोणी हसले नाही. त्या दिवशी अंगणात बोलले गेलेले सगळ्यात नेमके वाक्य तेच होते. मोबाईलमध्ये ती एकाच वेळी सून आणि विद्यार्थिनी असू शकत होती. शाळेच्या बाकावर बसायचे तर तिला दोन्हींतले एकच राहता येत होते.

मी म्हटले, "आबा, मुळात हे लग्नच कायद्यात बसत नाही."

"ठाऊक हाय, ताई. लिवा पेपरात. पयलं नाव तुमच्या दाजींचं लिवा, मग माझं."

दाजी हायवेकडे बघत होते. मुलगी पाण्याचे तांबे घेऊन बाहेर आली. तिने ते खाली ठेवले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, बास. पप्पांना आत घालून मी धावीला बसू का?"

हिशेब करायला तिला दीड वर्ष मोबाईलवर शिकवले होते. हा तिने स्वतः केला.

शाळेतून विचारणा झाली. खाडा नसलेली मुलगी शाळा उघडल्यापासून आली नव्हती. मॅडमनी बहिणीला फोन केला. बहीण म्हणाली, आजारी आहे. एरवी या उत्तराने निभले नसते. काय झाले, दवाखाना कुठला, मी बघायला येते, असे मॅडमनी विचारले असते. पण ते दिवस वेगळे होते. आजारी म्हटले की समोरचा माणूस दोन पावले मागे सरायचा. "मग अजिबात पाठवू नका," मॅडम म्हणाल्या. "पूर्ण बरी होऊ दे. इतर मुलांचाही प्रश्न आहे. काळजी घ्या." नंतर त्यांनी दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा काळजी घ्यायलाच सांगितले. परीक्षेचा अर्ज शाळेने भरला. अंतर्गत गुण दिले. बैठक क्रमांक आला.

डाळजच्या घरात मात्र वेगळीच वाट बघणे सुरू झाले होते. आदल्या वर्षी दहावीची परीक्षा अगदी तोंडावर येऊन रद्द झाली होती आणि सगळी मुले पास झाली होती. सासूने ते लक्षात ठेवले होते.

"औंदा बी रद्द हुती बघ. घरबसल्या पास व्हशील. कशाला जीव काढतीस?"

संध्याकाळी सगळे टीव्हीसमोर बसत. आधी परीक्षा होणार म्हणायचे, मग पुढे ढकलली म्हणायचे, मग रद्द, मग मूल्यमापन, हा क्रम त्या घराने आदल्या वर्षी पाहिला होता. त्यामुळे यंदा मंत्री "परीक्षा होणारच" म्हणाले की आबा मान हलवायचे, म्हणजे ही पहिली पायरी झाली. त्यांचे काही चुकत होते असे म्हणता येत नाही. सरकारचा शब्द कसा चालतो ते त्यांना दोन वर्षे बघून कळले होते. त्यांचा स्वतःचा शब्द तसा चालत नव्हता.

जानेवारीत वर्ग पुन्हा काही दिवस बंद झाले, तेव्हा तिच्या मोबाईलवर तास आले. ती लगेच कोठीसमोर बसली. सासूने भाकरी केल्या. मग शाळा उघडल्या आणि तास पुन्हा गेले. शहरात मुले रस्त्यावर उतरली, शिकवले ऑनलाइन तर परीक्षाही ऑनलाइन घ्या म्हणून. आमच्या पानावर त्या मुलांना बरेच सुनावले गेले. आळशी पिढी, कष्ट नको, असे वाचकांची पत्रे म्हणत होती. ती पत्रेही मीच निवडत होते. त्या काळात भाचीचा फोन दोन-तीन दिवसांनी यायचा.

"मावशी, तुमच्याकडं आधी कळतं ना? ऑनलाईन होणार का?"

"नाही. शाळेतच होणार. ज्याच्या त्याच्या शाळेत."

"नक्की?"

"नक्की."

"गेल्या साली बी नक्की होतं."

परीक्षा रद्द व्हावी म्हणून त्या घरात बाकी सगळे थांबले होते. परीक्षा मोबाईलवर व्हावी म्हणून फक्त भाची थांबली होती. तिला पास व्हायचे नव्हते, पेपर लिहायचा होता. मला हा फरक उशिरा कळला. दुपारी सगळे आडवे झाले की ती जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवायची. तिच्या वहीत मी ते पाहिले आहे. शाळा बंद होण्याआधीच्या पहिल्या पानांवर अक्षर तिचे, पूर्वीचे. पुढे ओळी वर-खाली जातात. इतके दिवस नुसते "हजर" टाईप करून हाताची सवय गेली होती, तीच भाची परत आणत होती.

परीक्षा रद्द झाली नाही. ऑनलाइनही झाली नाही. पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी जावयाने अनपेक्षितपणे तोंड उघडले. तो कमी बोलतो. आईला म्हणाला, "मी नेतो गाडीवर. पहाटं निघू, पेपर झाला की घिऊन येतो. ओढणी घ्यायची नीट. मास्क हायच." सासूने सुनेच्या गळ्याकडे बघितले. मग म्हणाली, "गळ्यातलं काढायचं न्हाय. आतनं ठिव." म्हणजे परवानगी मिळाली. आबा म्हणाले, "हे शब्दात न्हवतं. पर जाऊ दे." तिने गणवेश काढला. तो आखूड झाला होता. सासूने त्याची शिवण उसवून खाली सोडली.

संध्याकाळी तिने आईला फोन करून सांगितले, उद्या पेपरला येते आहे. फोन दाजींनी घेतला.

शेजारच्या एका गावात अशाच लग्नावरून गुन्हा नोंदला गेल्याचे दाजींनी दुपारीच ऐकले होते. मुलीचा बाप, मुलाचा बाप, आचारी, सगळे त्यात होते म्हणे. खरे-खोटे कोणाला माहीत नव्हते. मी नंतर चौकशी केली तेव्हा तसे काही सापडले नाही. पण दाजींना त्या संध्याकाळी ते खरे वाटले.

"येऊ नगंस," ते मुलीला म्हणाले. "शाळंतल्या एका जरी पोरीनं वळखलं तर म्या आत जाईन. तुझा धाकटा भाऊ हाय घरात. येऊ नगंस, बाय."

सासरने सोडले होते. माहेरने अडवले. हे मी इतक्या सरळ लिहिते आहे, कारण नात्यात आजही ही गोष्ट उलटी सांगितली जाते. सासरच्यांनी शिकू दिले नाही, असे सगळे म्हणतात. बहीणही म्हणते. दाजी त्या वेळी उठून बाहेर जातात.

सकाळी ती उठली, आंघोळ केली, आणि गणवेश घातला नाही. वर्गाच्या ग्रुपवर मॅडमचा मेसेज होता. सर्वांनी शाळेत पोचल्यावर इथे कळवा, कोणी रस्त्यात अडकले असेल तर लगेच फोन करा. एकेक नाव येऊ लागले. हजर. हजर मॅडम. पोचलो. तिनेही लिहिले, "हजर." तो मेसेज तिने मला पुढे दाखवला तेव्हा मी विचारले, का लिहिलेस? ती म्हणाली, "रोज लिहायचे ना." मॅडमनी सगळ्यांना मिळून एक अंगठा पाठवला. त्यानंतर मोबाईल बंद करायची सूचना होती, ती तिने पाळली.

दुपारी मॅडमचा बहिणीला फोन आला. बाक रिकामा होता. बहीण म्हणाली, पुन्हा आजारी पडली. मॅडमनी काळजी घ्यायला सांगितले.

निकालाच्या दिवशी शाळांच्या बातम्या आमच्याकडे ढिगाने येतात. तिच्या शाळेची चार ओळींची आली. शाळेचा निकाल शंभर टक्के. निकालाची टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांवर काढतात, नाव नोंदलेल्यांवर नाही. त्यामुळे बातमीत चूक नव्हती. ती एक कॉलममध्ये लागली. ग्रुपवर मुलांनी गुण टाकले, पेढ्यांचे फोटो टाकले, शिक्षकांचे आभार मानले. माझ्या भाचीने "सर्वांचे अभिनंदन" लिहिले. तिला कोणी विचारले नाही, तुझे किती? बहुधा कोणाच्या लक्षात आले नसेल. रोज हजर असणाऱ्याकडे कोण बघतो?

या गोष्टीला आता काही वर्षे झाली. ती अठराची झाली, मग त्याहून मोठी झाली. ज्या भीतीने सगळे गप्प बसले ती भीती आपोआप विरून गेली, कारण आता कोणी तिचे वय विचारले तर उत्तर देता येते. तिचा मुलगा अंगणवाडीत जातो. मी तिला सांगितले, बाहेरून परीक्षेला बसता येते, सतरा नंबरचा फॉर्म भरायचा. तिने ऐकून घेतले. सासू म्हणाली, "भर की, पर पोराला कोण बघंल?" नवरा म्हणाला, "भरू की." त्या वर्षी कोणी भरला नाही. पुढच्या वर्षी मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "मावशी, आता पुस्तकं बदलली असत्याल." तपासायला तिने पुस्तके मागवली नाहीत, मीही पाठवली नाहीत.

ग्रुपमधून ती बाहेर पडलेली नाही. कोणी तिला काढलेही नाही. ग्रुपचे नाव मुलांनी बदलून बॅचचे नाव ठेवले आहे. एक मुलगी बारामतीत नर्सिंगला आहे, एक जण भरतीसाठी पळतो, दोघींची लग्ने झाली. लग्नाच्या पत्रिका तिथेच येतात आणि त्याखाली ती अभिनंदन लिहिते. तिचे लग्न झाल्याचे त्या ग्रुपवर कधी कोणी लिहिलेले नाही. तिथे ती अजून दहावीत आहे.

गेल्या महिन्यात भिगवणला एका कामासाठी गेले होते, परतताना डाळजला थांबले. आबा थकले आहेत, पण बाज तीच, जागा तीच. मी बसले. त्यांनी इकडचे तिकडचे विचारले. मग जुन्या दुखण्याकडे हात जावा तसे ते त्याच विषयाकडे आले. नात्यात आपल्या घराला काय म्हणतात ते त्यांना ठाऊक आहे. धाकट्या मुलाची सोयरीक जमत नाही, त्याचे कारण ते हेच धरतात.

"ताई, तुमी त्या रविवारी हितं व्हता. खरं सांगा. आमी शब्द मोडला का?"

मी उत्तर द्यायच्या आत भाची चहा घेऊन आली. तिने कप बाजेवर त्यांच्या हाताशी ठेवला, बशी सरळ केली.

"न्हाय मोडला, आबा," ती म्हणाली. "च्या घ्या. निवतोय."